उंबऱ्यावरची दारवाली

९ जानेवारी, शुक्रवार

आज आलं ते — चिरंजीवांकडून खोकं एक. आत काळं यंत्र एक, वायरी तीन, दोन शिंगांचा रिमोट एक, खेळांच्या तबकड्या चार, मळका टॉवेल एक (यंत्राभोवती गुंडाळलेला, भिजत टाकला). पाठवणावळ त्यानेच भरली. जिना चढून आणणाऱ्याने २० मागितले. १० दिले आणि प्यायला पाणी.

टॉवेलात चिठ्ठी. "आई, हे तुझ्याजवळ ठेव. परीक्षा होईपर्यंत मी मागितलं तरी देऊ नकोस. गयावया केली तरी नको. फोनही वसतिगृहाच्या साहेबांकडे जमा केलाय, तेव्हा पत्रच लिही. बाबा काही म्हणाले का?"

बाबा काय म्हणणार! हिशेबनिसाच्या परीक्षेत हा दुसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी हे म्हणाले होते, "पास होईपर्यंत मला तुझं पत्र नको आणि फोन नको." झालं. तेव्हापासून बापलेकांत अक्षर नाही. आज खोक्याकडे बघून एवढंच — "ह्याच डब्याने पोराची दोन वर्षं खाल्ली." मग जेवायला बसले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मीठ बरोबर होतं.

१० जानेवारी, शनिवार

खोकं कपाटावर ठेवलं. दिवसभर येता-जाता नजर तिकडेच. दोन वर्षं खाणारी वस्तू घरात ठेवायची तर तिची ओळख नको? शेगडी नवीन आली तेव्हाही मी आधी सगळं समजून घेतलं होतं, मगच काडी लावली.

सासूबाई म्हणाल्या, "उघड की. चावतंय का ते?"

१२ जानेवारी, सोमवार

कोपऱ्यावरच्या टीव्हीवाल्याला बोलावलं. पाच मिनिटांत जोडून दिलं. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. दोनदा.

चौथी तबकडी हातात घेऊन हसला. "काकू, ही नका लावू. भलेभले रडतात हिच्यापुढे."

म्हटलं, मी रोज कांदे चिरते.

कोणतं बटण कशाचं ते त्याने सांगितलं. हे मारायचं, हे लोळायचं, हे औषध प्यायचं. एक यादी उघडून दाखवली — तीत हात हलवणं, नाचणं, वाकणं, मांडी घालून बसणं! "हे उगाच गमतीचं. काही उपयोग नाही ह्याचा."

१५ जानेवारी, गुरुवार

तीन खेळ पाहून झाले. मत लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा वेळ जाईल.

पहिला — घोडा, डोंगर, मोठा मुलूख. दिसायला देखणा. पण प्रत्येक गावात कोणाचं ना कोणाचं काहीतरी हरवलेलं! एकीची शेळी, एकाची अंगठी, एकाचा सख्खा भाऊ. आणि सांगायचं मलाच. मी घोड्यावरून चाललेय म्हणजे रिकामी आहे का? शेळी आणून दिली तर बाई म्हणते, आता कोंबड्या. इथे घरात माझ्यामागे कामं थोडी आहेत? तबकडी काढली.

दुसरा — ह्यात नुसतं बोलणं. समोरचा पानभर बोलतो, मग आपल्याला चार उत्तरं देतात, त्यांतलं एक घ्यायचं. चारांतलं एकही मी जन्मात बोलले नसते. गप्प बसून चहा टाकायला उठणं — हे उत्तर त्यांनी ठेवलेलंच नाही. ज्याने केला त्याच्या घरी पाहुणे येत नसावेत.

तिसरा — सुरुवातीलाच विचारतात, सोपं हवं का अवघड? सोपं घेतलं. हात लावला की शत्रू पडतो. पडला की मोठ्या अक्षरांत शाब्बास! कशाबद्दल शाब्बास? मी काय केलं? असली शाबासकी मला माहेरीसुद्धा कोणी दिली नाही. लाज वाटून बंद केला.

चौथा उद्या.

१६ जानेवारी, शुक्रवार

चौथा लावला. आधी माणूस निवडायचा. चिलखतवाले, धनुष्यवाले, जादूवाले. सगळ्यात शेवटी एक उघडाबोडका, कमरेला फडकं, हातात काठी. जवळ काही नाही म्हणजे ह्याला खर्चही नसेल, असा विचार करून तो घेतला.

चूक! सासूबाई समोरच बसल्या होत्या. "अगं बाई, ह्याला आधी काहीतरी घाल! मग लढ."

आजचा सगळा वेळ त्याच्या अंगावर कपडा चढवण्यात गेला. एका प्रेताचा सदरा मिळाला. धुवायची सोय नाही. तसाच घातला.

बाराव्या पायरीवर एका हडकुळ्याने मारलं. पुन्हा उठले. पुन्हा त्यानेच मारलं. खेळ काही बोलत नाही — शाब्बास नाही, अरेरे नाही. फक्त तू मेलास एवढं लिहून येतं. हे मला आवडलं. खरं ते सांगतात आणि गप्प बसतात.

१९ जानेवारी, सोमवार

दूध उतू गेलं. अर्धा लिटर! ह्या खेळाला थांबवायचं बटणच नाही! यादी उघडली तरी मागे मारणारे मारतच राहतात. ओटा पुसून आले तर माझा माणूस आडवा. ज्याने हा खेळ केला त्याच्या घरी कधी कोणी शेगडीवर काही ठेवलेलं नसणार. बाकी कितीही हुशार असो.

ह्यापुढे दूध तापवून मगच बसायचं.

२१ जानेवारी, बुधवार

मध्ये मध्ये दिवे आहेत. दिव्यापाशी बसलं की जखमा भरतात — आणि आपण मारलेले सगळे पुन्हा उठून आपापल्या जागी उभे! टीव्हीवाला म्हणे, "काकू, हाच तर वैताग आहे."

माझा तर जीव भांड्यात पडला. गेले पाच दिवस माळ घेऊन बसले की तो हडकुळ्या डोळ्यांपुढे यायचा. आता कळलं, त्याला काही झालेलं नाही. दिवा लागला की सगळे सुखरूप. पाप नाही! असा नियम बाहेरही असता तर बरं झालं असतं.

औषधाच्या बाटल्या पाच दिल्या आहेत. एकही फोडलेली नाही. दिव्यापाशी आपोआप भरतात म्हणे, पण म्हणून उधळायच्या? आजारपण काय सांगून येतं?

२३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी देवळात वाचनाला जाऊन आले. मंगळवार-शुक्रवार चुकवत नाही. त्या दोन दिवशी हे ऑफिसातून जेवायला येतात तेव्हा सासूबाईच वाढतात.

परत आले तर टीव्हीची पाठ गरम. म्हटलं, सासूबाई, मालिका बघत होतात? म्हणाल्या, "म्हातारीने दोन घटका बघितलं तर काय झिजतं का ते?"

झिजत नाही. पण मीटर पळतं.

२९ जानेवारी, गुरुवार

घंटेवाला! चौकातल्या मनोऱ्याखाली उभा असतो, हातात देवळातल्यापेक्षा मोठी घंटा, ती फिरवून मारतो. चार दिवस आपटते आहे त्याच्यापुढे. टीव्हीवाला म्हणतो, "बघून लोळायचं असतं, काकू." बघून काय लोळणार, दिसेपर्यंत घंटा डोक्यात.

आज सहज उजव्या हाताशी माळ होती. तो श्वास घेतो — एक नाम, दोन नामं — आणि घंटा येते. दरवेळी तसंच! दुसरी घंटा तीन नामांनी. मग मी बघणं सोडलं. मनात जप चालू ठेवला, नाम पुरं झालं की लोळले. घंटा वरून जाते. मग दोन काठ्या मारायच्या, पुन्हा जप.

पडला! स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

सासूबाई म्हणाल्या, "नाम घेत घेत डोकी फोडतेस की गं!"

म्हटलं, दिवा लागला की उठेल तो.

३० जानेवारी, शुक्रवार

उठला नाही.

दिव्यापाशी बसले, उठले, पुन्हा बसले. हडकुळे सगळे जागेवर. चौकात घंटेवाला नाही. घंटा नुसती पडलेली.

टीव्हीवाल्याला विचारलं. "मोठे परत येत नाहीत काकू, ते कायमचे गेले." हसत सांगतो!

३१ जानेवारी, शनिवार

आज एक वेळ जेवले नाही. कारण कोणाला सांगितलं नाही. हे म्हणाले, "पित्त झालं का?" हो म्हटलं.

ठरवलं — ह्यापुढे मोठ्यांपैकी जो आपण होऊन अंगावर येईल त्याच्याशीच. बसलेल्याच्या वाटेला जायचं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चिरंजीवांचं पत्र. "आई, परीक्षा दहा तारखेपासून. डोकं चालत नाही. यंत्र पाठव ना, रोज फक्त अर्धा तास खेळेन, शपथ. बाबा काही म्हणाले का?"

लगेच उत्तर लिहिलं. यंत्र मिळणार नाही. तूच सांगितलं होतंस. तुझ्या भल्यासाठीच नाही म्हणते आहे. बाबा बरे आहेत.

इथे खरं लिहायला हरकत नाही. भल्यासाठी म्हटलं ते खरंच आहे. पण पाकीट चिकटवताना पहिला विचार आला तो हा, की कालव्यातला चुलता अजून व्हायचा आहे. (हा खेळातला पुढचा मोठा, नात्याने कोणाचाच चुलता नाही. मिशा माझ्या चुलत्यासारख्या म्हणून.) हा स्वतः धावून येतो, त्यामुळे त्याची हरकत नाही.

देवापुढे दोनदा नाक घासलं. एकदा पोराच्या परीक्षेसाठी, एकदा ह्यासाठी.

८ फेब्रुवारी, रविवार

चुलता झाला. पहिली बाटली फोडली. चव कशी असेल कोण जाणे, पण माणूस टवटवीत झाला. उगाच जपल्या इतके दिवस.

ह्यांच्या उजव्या अंगठ्याला मलम. काय झालं म्हटलं तर "ऑफिसात शिक्के मारून." तीस वर्षं शिक्के मारताहेत, अंगठा आत्ता दुखला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचा दरवाजा सापडला. वाड्याएवढं दार, समोर दगडी उंबरा, आणि उंबऱ्याच्या आत एक प्रचंड म्हातारी बसलेली. गळ्यात किल्ली. काही करत नाही. कोणाकडे बघत नाही. आपण उंबऱ्यावर पाय ठेवला की मात्र उठते — आणि मग संपलंच. एका फटक्यात मी दिव्यापाशी.

सासूबाई तर तिच्याच बाजूने! "बरोबर आहे तिचं. दारात एवढी मोठी बाई बसलीय, तिला ओलांडून सरळ आत? कोण सोडेल?"

मलाही पटलं. ही घंटेवाल्यासारखीच, कायमची जाईल. मी नाही मारणार. उंबऱ्याशी जाऊन परत फिरले. खेळ इथे संपला म्हणायचा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खेळ सुरू होताना पहिल्या पानावर दोन चौकोन येतात, ज्याने त्याने खेळ जिथे सोडला तिथल्या चित्राचे. एक माझा, एक चिरंजीवांचा. त्याच्या चौकोनाला मी कधी हात लावलेला नाही, दुसऱ्याचं कपाट आपण उघडत नाही. पण चित्र दिसतं, त्याला काय करणार? आज नीट पाहिलं. त्याचा माणूस चिलखतात, तलवार हाताएवढी रुंद. आणि उभा आहे तो दारवालीच्याच उंबऱ्यासमोर.

म्हणजे दोन वर्षं ही बाई खात होती! डबा नव्हे.

दोन वर्षं रोज तिच्या हातून आपटायचा, उठायचा, पुन्हा जायचा. आणि हे म्हणायचे, पोराला चिकाटी नाही.

ह्यांना सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. पोराचं नाव काढलं की ताटावरून उठतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षा झाली. पत्रात एकच ओळ — "पेपर बरे गेले असं वाटतं, पण मागच्या वेळीही वाटलं होतं." आणि खाली नेहमीचं, बाबांबद्दल. ह्यावेळी उत्तरात त्या प्रश्नाला काही लिहिलंच नाही. दरवेळी काय लिहू!

वाचनाहून आले तर रिमोटचं चार्जिंग संपलेलं. सकाळी भरून ठेवला होता. जुना झाला असेल.

३ मार्च, मंगळवार

सासूबाईंना काय झालंय कळत नाही. मी उंबऱ्याशी नुसती उभी राहते हल्ली, तिला बघायला. पाय टाकत नाही. आज मागून म्हणाल्या, "ती आधी उजवा हात उचलते, मग डाव्याने मारते. आणि अर्धी झाली की बसून ओरडते."

अर्धी झाली की? माझ्याच्याने तर तिला ओरखडा नाही पडला! तुम्हाला कसं माहीत?

"दिसतं म्हातारीला," म्हणाल्या आणि डोळे मिटून पडल्या. भर सकाळी घोरायला लागल्या. घोरणं खोटं होतं. त्यांचं खरं मी पंचवीस वर्षं ऐकते आहे.

१८ मार्च, बुधवार

नापास. तिसऱ्यांदा. एका विषयात, थोडक्यात.

"आई, मी आता पुन्हा बसणार नाही. यंत्र विकून टाक. येतील ते पैसे वसतिगृहाचे दे. मी घरी येत नाही. बाबांना सांगू नकोस, त्यांना कळेलच."

पत्र ओट्यावर राहिलं. हे पाणी प्यायला आले तेव्हा त्यांनी वाचलं. उभ्यानेच, शेवटपर्यंत. मी पदर तोंडाशी धरून उभी. वाटलं आता ताट, तांब्या, काहीतरी आदळणार.

ह्यांनी घडी केली. पुन्हा उलगडून वाचलं. मग विचारलं, "विकायचं म्हणतोय?"

हो म्हटलं.

"विकायचं नाही," म्हणाले आणि चहा न घेता ऑफिसला गेले.

२० मार्च, शुक्रवार

वाचनात लक्ष लागेना. मध्येच उठून घरी आले. दार नुसतं लोटलेलं. आत सासूबाईंचा आवाज — "अरे, थांब! किती वेळा आपटशील? दारातल्या बाईला आधी नमस्कार तर कर, मेल्या!"

आणि ह्यांचा — "आई, नमस्काराचं बटण नसतं ह्यात."

"बघ यादीत. वाकलेला माणूस होता एक. टीव्हीवाला दाखवत होता हिला, मी बघितलाय."

मी दाराच्या फटीतून पाहिलं. हे जमिनीवर, ऑफिसच्या कपड्यांत, मांडी घालून, दोन्ही हातांत रिमोट, अंगठ्याला पट्टी. शेजारी जेवणाचं ताट, झाकलेलं, हात न लावलेलं. आणि पडद्यावर — चिलखत, रुंद तलवार. पोराचा माणूस!

माणूस उंबऱ्यापाशी थांबला. तलवार मागे अडकवली. कमरेत वाकला.

दारवाली उठली. मारायला नाही! सावकाश पुढे आली, गळ्यातली किल्ली काढली, त्याच्या हातात दिली आणि बाजूला होऊन भिंतीला टेकून बसली. दार उघडलं.

सासूबाई म्हणाल्या, "एवढंच तर म्हणणं होतं तिचं."

ह्यांनी रिमोट खाली ठेवला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. बराच वेळ पुसत होते. मी तशीच मागे सरले, जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेले आणि नेहमीच्या वेळेला परत आले. ताट रिकामं होतं. हे ऑफिसला गेले होते. सासूबाई घोरत होत्या, खोटं.

पहिल्या पानावरचं चित्र बदललंय. त्याचा माणूस उघड्या दारात उभा आहे. दारवाली जिवंत.

२१ मार्च, शनिवार

सकाळी हे टेबलाशी बसून लिहीत होते. पाकीट माझ्याकडे दिलं — "टपालात टाक." चिकटवलेलं नव्हतं, म्हणजे वाचायची परवानगी. जसंच्या तसं उतरवते —

"चि. यास अनेक आशीर्वाद.
परीक्षेचे समजले. यंत्र विकलेले नाही व विकणार नाही. सदर दारातील बाईपाशी मीही दीड महिना, तुझ्या आजीच्या देखत, आपटत होतो. तुला सोपे वाटत असेल असे मला वाटत होते. तसे नाही. ती मारायची नसून तिला वाकून नमस्कार करायचा असतो, हे आजीस सुचले, मला सुचले नाही. दार उघडले आहे. आत दोन जिने आहेत, एक वर जातो, एक खाली. मी कोणत्याही जिन्याने गेलेलो नाही. माणूस तुझा आहे. तू येईपर्यंत उंबऱ्यावरच थांबलो आहे. तरी केव्हा येतोस ते उलट टपाली कळवावे."